नावे टाकू नये

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी.
मी दापोलीहून साडेसातची एसटी धरते.
पिशवीत वायर ब्रश, रॉकेलची बाटली,
चिंध्यांसाठी फाडलेला जुना परकर
आणि पोळीभाजी.
शेजारीण विचारते, काय देतात तिथे?
मी म्हणते, हातमोजे.
तेही दोन्ही डाव्या हाताचे.

हर्णैला उतरणारे सगळे किल्ल्याकडे बघतात,
होडीचा भाव करतात, टोप्या घालतात.
आम्ही पाचजण समुद्राकडे पाठ करून
बर्फाच्या कारखान्यात शिरतो.
किल्ल्याला तोफा होत्या.
याला विजेचा मीटर होता,
तो कुणीतरी काढून नेला.

पत्रे खाऱ्या वाऱ्याने खाल्ले,
पण कॉम्प्रेसर आहे तसाच,
बसलेल्या म्हशीसारखा,
उठायचं मनातच नसलेला.
उमर सोलकर इथले शेवटचे फिटर.
दारात खुर्ची टाकून बसतात, हात लावत नाहीत.
"तो नट उलटा फिरतो."
एवढंच.
मग अर्ध्या तासाने,
"सगळा गंज काढू नका. खालचा काळा राहू दे,
त्यानेच धरून ठेवलंय."

भिकीबाई चोगले डबे घासतात, एकशे चौदा.
त्या इथून बंदरावर लाद्या वाहायच्या.
वैशाखातल्या भर दुपारी
त्यांचे एकटीचे दात वाजायचे.
"घरी नाही नेला कधी बर्फ.
नेणार कसा, वाटेतच संपायचा."

कपाटात वह्या सापडल्या, दमटपणाने फुगलेल्या.
त्या माझ्याकडे आल्या. बँकवाली ना मी.
दर्यासागर, बारा लाद्या, बाकी.
जलकन्या, आठ, बाकी.
हिराई, वीस, बाकी, बाकी, बाकी.
मधेच एखाद्या पानावर लाल शाई:
२ लाद्या. मयत. मुलगा बोटीवर, येईपर्यंत.
नावे टाकू नये.
पुढे पावसाळ्याआधी:
३ लाद्या. मयत. मुंबईची गाडी चुकली.
नावे टाकू नये.

सव्वीस वर्षं मी नावे आणि जमा करते आहे.
एक पैसा कुठे लोंबकळला
तर रात्री नऊपर्यंत बसून शोधला आहे.
ही नोंद दोन्हीकडे नाही.
अशा चौसष्ट आहेत.
मी दोनदा मोजल्या.

सोलकरांना विचारलं, मालक दयाळू होता?
"कंजूष. चहासुद्धा पाजायचा नाही."
मग बराच वेळ ते डब्यांकडे बघत राहिले.
"रात्री दार वाजलं की कळायचं.
मासळीवाले हाका मारायचे.
हे नुसते उभे राहायचे."

जिल्ह्याच्या कचेरीतून छापील अर्ज आलाय.
यंत्राचे नाव. बसवल्याचे साल. अश्वशक्ती.
पॉलिटेक्निकचा सुयोग मोजमापं लिहितो,
अक्षर सुंदर, शुद्धलेखन भयंकर.
शेवटचा रकाना:
वस्तूचे महत्त्व (दोन ओळींत).
तो कागद तीन शनिवार माझ्या पिशवीत
पोळीच्या डब्याखाली आहे.
त्यावर आता तेलाचा डाग पडलाय.
महत्त्वाच्या रकान्यातच.

आज चाक हललं.
चार बोटं, फार तर पाच.
सुयोग ओरडला, छपरातली कबुतरं उडाली,
सोलकर पहिल्यांदा खुर्चीतून उठले
आणि कुणी पाहायच्या आत परत बसले.
"ह्या पाइपवर पांढरं चढायचं," म्हणाले,
"नखाने नाव लिहिता यायचं."

भिकीबाईंनी पाइपाला हात लावून पाहिला
आणि पदराला पुसला.
कोरडाच.